जुन्या चौकटींना नवा रंग नको

अमेरिकी लेखक ली फॉकच्या 'वेताळ' म्हणजे 'फँटम' या चित्रकथेच्या मूळ गोष्टीत पहिल्या वेताळाच्या बापाचा खून करणारे समुद्री चाचे 'सिंग' टोळीचे होते. साल 1536. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे हे चाचे 'सिंगा' झाले. वेताळपद बापाकडून मुलाकडे जातं; विसाव्या वेताळाला दग्याने मारणारा 'रामा' होता, तो 'रामालू' झाला. जंगलाच्या देशाचं नाव बंगाला होतं, त्याचं डेंकाली झालं. कारणं समजण्यासारखी आहेत. शीख वाचक दुखावला असता, रामाच्या नावाचा खुनी इथे कुणी खपवून घेतला नसता, आणि बंगालशी गल्लत झाली असती ती वेगळीच.

पण त्याच अंकांत ठेंगणे बांदर लोक पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याला देव मानत होते. कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस चारशे वर्षं आफ्रिकेतल्या टोळ्यांचे तंटे सोडवत होता आणि त्यांच्यातल्या कुणालाही स्वतःचं राज्य स्वतः चालवावंसं वाटत नव्हतं. यातलं एक अक्षर इथे कुणी बदललं नाही. आफ्रिकेतला माणूस मराठी इंद्रजालचा गिऱ्हाईक नव्हता. आपल्याला टोचेल तेवढं खोडलं, दुसऱ्याला टोचेल ते तसंच छापलं. हे मी रागाने लिहीत नाही. साय बॅरीने ब्रशने भरलेल्या त्या काळ्या सावल्या बघत माझं लहानपण गेलं. रेषा जाड कुठे करायची आणि कुठे तोडायची, हे मी आधी वेताळाच्या पाठीवरून आणि जादूगार मँड्रेकच्या झग्यावरून शिकलो. म्हणूनच त्या अंकांचं पुढे काय होतं याची मला काळजी आहे.

जुन्या चित्रकथांना सध्या पुन्हा मागणी आली आहे. पन्नाशीतले वाचक आपल्या बालपणीची पात्रं मुलांना, नातवंडांना दाखवू पाहतात, प्रकाशक संग्रह काढू पाहतात, आणि दोघांच्या मध्ये एक वाक्य हमखास येतं: "तेवढं जरा आजच्या काळाला धरून करून द्या." म्हणजे मोलकरणीच्या तोंडची भाषा बदला, लठ्ठ काकूला थोडं आटोपशीर करा, संवादाच्या फुग्यातला तो एक शब्द पुसा. संगणकावर हे काम अर्ध्या तासाचं आहे. दुसरीकडे असाही एक वर्ग आहे जो म्हणतो, पूर्वी लोक खिलाडू होते, तेव्हा कुणाला काही लागत नव्हतं, आहे तसं छापा आणि गप्प बसा. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. जुनं चित्र जसं काढलं तसंच छापलं पाहिजे आणि त्यासोबत ते कधी, कुणासाठी, कुठल्या समजुतीतून काढलं गेलं हेही छापलं पाहिजे. दुरुस्ती करायची हौस असेल तर नवं चित्र काढावं.

या मताचं मूळ आम्हा व्यंगचित्रकारांच्या कामाच्या रीतीत आहे. चित्रपट्टीला तीन-चार चौकटी मिळतात. वाचक त्यावर काही सेकंद थांबतो. तेवढ्यात पात्र कोण, कुठलं, त्याचं घरात स्थान काय, हे सगळं कळायला हवं. समजावून सांगायला जागाच नसते. म्हणून व्यंगचित्रकार वाचकाच्या डोक्यात आधीच तयार असलेली प्रतिमा उचलतो. हातात लाटणं घेतलेली बायको, तिच्यापुढे काडीसारखा नवरा, पोट सुटलेला शेठजी, शेंडीवाला भटजी, घरचा रामा गडी, पगडीवरून ओळखू येणारा सरदारजी. यांपैकी एकही पात्र एकट्या चित्रकाराने शोधून काढलेलं नाही. ती वाचकाकडून उसनी घेतलेली आहेत. कादंबरीकार आपल्या काळाच्या विरुद्ध जाऊन शंभर पानं लिहू शकतो. पट्टी काढणाऱ्याला मात्र रोज सकाळी वाचकाच्या गृहीतकांवर उभं राहूनच बोलावं लागतं. त्यामुळे एखाद्या समाजाने काय गृहीत धरलं होतं, कशाला हसणं त्याला अगदी स्वाभाविक वाटत होतं, याचा जुन्या व्यंगचित्रांइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. अग्रलेख सभ्य असतात, भाषणं तयार केलेली असतात. माणूस हसताना मात्र सावध नसतो.

'आवाज' दिवाळी अंकाची खिडकीचित्रं घ्या. मधुकर पाटकरांनी 1951 मध्ये सुरू केलेल्या या अंकात कागदाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं आणि पान उलटलं की आत निरुपद्रवी भलतंच निघायचं. कारागिरी म्हणून ती कल्पना फार हुशार होती. छपाई, कटिंग आणि चित्र या तिघांनी मिळून केलेला तो विनोद होता. त्याच वेळी, दिवाळीच्या फराळासोबत ज्या घरात तो अंक फिरायचा त्या घरातल्या बाईकडे पुरुषाची नजर कशी जात होती, तेही त्या खिडकीत नोंदलं गेलं. आज ती चित्रं सौम्य करून छापली तर विनोदही जाईल आणि नोंदही जाईल.

'तेव्हा कुणाला लागत नव्हतं' हे तर मुळातच खरं नाही. 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक निघालं. बाळ ठाकरे यांच्या ब्रशची ताकद आमच्या व्यवसायातला कुणीही नाकारणार नाही. हुबेहूब चेहरा आणि त्यावरची अचूक अतिशयोक्ती त्यांच्याइतकी फार थोड्यांना साधली. पण मुंबईतल्या दाक्षिणात्य नोकरदारांविरुद्ध जी मोहीम त्या दशकात चालली, तिच्यात लुंगीवाला हे ठरलेलं पात्र होतं. माटुंग्यात राहून फोर्टमधल्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या माणसाला ते चित्र बघून काय वाटलं असेल, हे सांगायला त्याच्याकडे मराठी साप्ताहिक नव्हतं. लागत सगळ्यांनाच होतं. ज्याला लागत होतं त्याचं पत्र छापलं जात नव्हतं, इतकंच.

मग लागतं तर काढून टाका, हा पुढचा युक्तिवाद. तो करणाऱ्यांची वेदना मला खोटी वाटत नाही. पण काढून टाकल्याने काय होतं हे आपण महाराष्ट्रात अगदी जवळून पाहिलं आहे. शंकर यांनी ऑगस्ट 1949 मध्ये काढलेलं एक व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. राज्यघटना ही गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर, त्यांच्या मागे चाबूक उगारलेले नेहरू, आणि बघ्यांची गर्दी. मे 2012 मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला. सरकारने पुस्तक मागे घेतलं. पुस्तकाचे प्रमुख सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात समितीने आक्षेपार्ह चित्रं वगळावीत अशी शिफारस केली आणि समितीतल्या एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं.

मी हे चित्र अनेकदा व्यंगचित्रकाराच्या नजरेने पाहिलं आहे. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या दलित मुलाला बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक दिसला, आणि शेजारच्या बाकावरून हसू आलं, तर त्याच्या पोटात काय तुटेल हे समजायला समितीची गरज नाही. शंकर यांचा हेतू घटना समितीच्या संथपणावर बोट ठेवण्याचा असेल, तरी चाबूक कुणाच्या पाठीमागे काढायचा हा निर्णय हाताने घेतलेला असतो आणि हात आपल्या समाजातूनच आलेला असतो. पुस्तकात चित्राखाली विचारलं होतं ते घटना तयार व्हायला इतका वेळ का लागला याबद्दल. चाबूक कुणाच्या हातात आणि पाठ कुणाची, हा प्रश्न त्या पानावर नव्हता. माझ्या मते उणीव तिथे होती आणि ती चार ओळी वाढवून भरून काढता आली असती. शिक्षकाने तो प्रश्न वर्गात विचारला असता तर मागच्या बाकावरच्या मुलाला पहिल्यांदा असं वाटलं असतं की आपल्याला जे दिसतं ते पुस्तकालाही दिसतं. चित्र गेलं आणि ही शक्यताही गेली.

याचं उत्तर उन्नमती श्याम सुंदर यांनी 2019 मध्ये दिलं, असं मी मानतो. ते स्वतः व्यंगचित्रकार आणि आंबेडकरी अभ्यासक. 1932 ते 1956 या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रं त्यांनी धुंडाळली आणि नवयान प्रकाशनाच्या पुस्तकात एकत्र मांडली. प्रत्येक चित्रासोबत त्या वेळी नेमकं काय घडलं होतं आणि चित्रकाराने ते कसं वाकवून दाखवलं, हे लिहिलं. त्यात शंकर आहेत, अहमद आहेत, त्या काळातली मोठी नावं आहेत. एकेक चित्र सुटं पाहिलं तर थट्टा म्हणून सोडून देता येतं. पानामागून पान उलटताना मात्र बाबासाहेब कुठे बुटके, कुठे बाईच्या वेषात, कुठे हट्टी पोर म्हणून येतात आणि देशाच्या सर्वांत विद्वान कायदेपंडिताकडे वरच्या जातींची वृत्तपत्रं कशा नजरेने पाहत होती ते नाकारायला जागा उरत नाही. ज्यांचा अपमान झाला त्यांच्यातल्याच एकाने तो अपमान लपवला नाही, तारखेसह उजेडात आणला. ही चित्रं कुणी आधीच 'दुरुस्त' करून ठेवली असती, तर हे पुस्तक लिहिताच आलं नसतं.

दुरुस्ती किती वरवरची असते याचंही एक चांगलं उदाहरण आहे. बेल्जियमचा चित्रकथाकार एर्जे याने आपल्या टिनटिन या बातमीदार नायकाची कांगोतली सफर 1930-31 मध्ये काढली. तिच्यात टिनटिन आफ्रिकन मुलांच्या वर्गात उभा राहून त्यांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवू लागतो. 1946 च्या रंगीत आवृत्तीसाठी एर्जेने स्वतःच हे पान पुन्हा काढलं आणि भूगोलाच्या जागी बेरजेचा धडा आणला. मुलांचे चेहरे, जाड ओठ, बावळट डोळे जवळपास तसेच राहिले. वसाहतवाद फळ्यावरून पुसला गेला आणि बाकांवर तसाच बसून राहिला. आणि नव्या वाचकाला तर आता कळणारही नाही की इथे आधी काय होतं. याउलट पुढे काही प्रकाशकांनी जुनी आवृत्ती सुरुवातीला निवेदन जोडून विकली. ते मला जास्त सच्चं वाटतं.

आपल्या अमर चित्र कथेबद्दलही असंच म्हणता येईल. 1967 पासून अनंत पै यांनी ती उभी केली आणि त्यातला मोठा वाटा राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांचा होता. मुळीकांची शरीररचना, वाईरकरांच्या चेहऱ्यांतला जिवंतपणा, याच्यावर माझ्या पिढीतले कितीतरी चित्रकार वाढले. त्या पानांवर देव आणि राजे गोरे किंवा निळे आणि असुर काळे-तपकिरी, हे अभ्यासकांनी पुरेपूर दाखवून दिलेलं आहे. समजा उद्या कुणी संगणकावर असुराचा रंग उजळ केला. त्याचा पुढे आलेला जबडा, बसकं नाक, वाकलेली पाठ, हे सगळं रेषेतच आहे. पूर्वग्रह रंगात कमी आणि रेषेत जास्त असतो, हे हातात पेन धरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. रेष बदलायची तर चित्र नवं काढावं लागतं. मग ते नवं म्हणूनच काढावं, त्यावर आपली सही करावी.

जिवंत पात्राचं मात्र वेगळं. ज्याच्या गोष्टी अजून निघत आहेत त्याने बदलावं आणि उघड बदलावं. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीला बिबळ्याचं कातडं गुंडाळून मोडकं बोलणारा नोकर होता. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सने चित्रं हाती घेतली आणि लोथारला नीट कपडे आणि नीट भाषा मिळाली. वेताळाच्या जंगलातही साठच्या दशकात लुआगा हा निवडून आलेला आफ्रिकन राष्ट्राध्यक्ष आला. तो फॉकनेच आणला. चार्ल्स शुल्झने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका शिक्षिकेच्या पत्रव्यवहारावरून जुलै 1968 मध्ये आपल्या 'पीनट्स' या पट्टीत फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा आणला आणि तो इतर मुलांसोबत त्याच शाळेत बसलेला दाखवला. आपल्याकडे 'टिंकल'मधला शिकारी शंभू बघा. वसंत हळबे यांनी काढलेला, डोळ्यांवर टोपी ओढलेला हा भित्रा शिकारी 1983 मध्ये आला, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा होऊन 11 वर्षं झाल्यावर. कायद्याने शिकार बंद झाली होती, पण आपल्या कल्पनेतला शूर माणूस अजून बंदूकच घेऊन हिंडत होता. पुढच्या गोष्टींत शंभू प्राणी वाचवणारा झाला. जुन्या गोष्टींतली बंदूक तिथेच राहू द्यावी. या दोन्हींमधलं अंतर हीच एक गोष्ट आहे, आणि ती मुलांना आवडीने सांगता येते.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनची. 1951 पासून चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलामागचे चार केस. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीला समुद्रकिनारी त्याचे पुतळे उभे आहेत. तो कधी बोलला नाही. घरात बोलायची ती त्याची बायको. नव्या मुलामुलींनी मला विचारलं आहे की सामान्य माणूस म्हणजे म्हातारा, शहरी, लिहिता-वाचता पुरुषच का? प्रश्न रास्त आहे. लक्ष्मण यांनी खोटं काढलं नाही. इंग्रजी वृत्तपत्राच्या पहिल्या पानाला त्या काळी 'सामान्य' म्हणून जो दिसत होता त्याला त्यांनी कमालीच्या प्रेमाने काढलं. ज्यांना तो अपुरा वाटतो त्यांनी आपला सामान्य माणूस काढावा. कचरा वेचणारी बाई, ॲपवरून जेवण पोचवणारा मुलगा, वसतिगृहातली मुलगी, कुणीही. इंद्रजालने तरी दुसरं काय केलं? भारतीय नायक हवा म्हटल्यावर वेताळाला काळं फासून भारतीय केलं नाही, 1976 मध्ये आबिद सुरतींकडून 'बहादूर' उभा केला, कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोराचा मुलगा.

हे सगळं करायचं तर जुनी चित्रं आधी हाताशी हवीत आणि तिथेच आपण कफल्लक आहोत. मूळ चित्र छपाईच्या ब्लॉकसाठी किंवा ब्रोमाइडसाठी गेलं की ते चित्रकाराकडे परत आलंच असं नाही. वृत्तपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटतो. ग्रंथालयांनी मायक्रोफिल्म केली तिथे रविवारच्या पुरवणीचे रंग गेले. अमेरिकेत ग्रंथालयं जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे टाकून देत होती तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका वाचनवेड्याने ते आपल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरात साठवले. 1998 मध्ये ते सहा मोठे ट्रक भरून ओहायो स्टेट विद्यापीठाच्या व्यंगचित्र ग्रंथालयात गेले आणि आज जगभरचे अभ्यासक तिथे बसतात. आपल्याकडेही इंद्रजालचे अंक वाचकांनीच सांभाळले, स्कॅन केले, एकमेकांना दिले. हरिश्चंद्र लचके, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांच्या दिवाळी अंकांतल्या चित्रांची तारीख, अंक आणि पान यांसह एक पूर्ण सूची मराठीत असायला हवी आणि ती करण्याचं काम विद्यापीठांच्या मराठी विभागांचं, जे. जे.सारख्या कलाशाळांचं आणि ज्यांच्या कपाटांत ते अंक आहेत त्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांचं आहे. फडणीस यांनी 2025 मध्ये वयाची शंभर वर्षं पूर्ण केली. ज्या माणसाने एकही शब्द न लिहिता मराठी घराला हसवलं, शालेय गणिताच्या पुस्तकातही चित्रांनी गंमत आणली, त्याच्या चित्रांची नोंद वाचकांच्या आठवणीवर सोडून चालणार नाही.

लहान मुलांचं काय, असं कुणी विचारील. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात तारखा आणि टिपा असलेला संग्रह द्यावा, असं मी म्हणत नाही. त्याला आजची पट्टी हवी. 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला तेव्हा हजारो मुलांनी वृत्तपत्र उघडायला सुरुवात केली ती त्या पट्टीपासून. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू ही नावं मुलांच्या बोलण्यात आली. ती पट्टी रोज यायची, ठरलेल्या जागी यायची, तिच्यासाठी संपादकाने जागा राखली होती आणि काढणाऱ्यांना रोजचं काम मिळत होतं. आज नवे चित्रकार मोबाइलवर स्वतःच्या खर्चाने पट्ट्या काढतात; त्यांतले काही फार चांगले आहेत, मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत बोलणारी पात्रं काढण्याची त्यांची तयारी आहे. जुनी काकू बारीक करून द्या म्हणून आम्हाला जे पैसे देऊ केले जातात, ते या मुलामुलींना द्या. रोज एक पट्टी, ठरलेली जागा, ठरलेलं मानधन, निदान वर्षभर. वर्षाच्या आत पट्टीला वाचक मिळत नाही, म्हणून वर्षाची अट आधीच लिहून द्यावी.